लहान टोकामॅक, मोठी आच: फ्यूजनच्या उष्णतेचा निचरा कुठून करायचा?

ट्यूबशीट (कोपरखैरणे)

नमस्कार मंडळी. गेली बावीस वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात हीट एक्स्चेंजर आणि बॉयलर सांभाळतोय. प्लाझ्मा भौतिकी मी शिकलेलो नाही, पण उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायची कशी, यात माझं आयुष्य गेलंय. म्हणून हा धागा.

मागच्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी छोट्या फ्यूजन यंत्रांचा व्हिडिओ टाकला. सगळी चर्चा दहा कोटी अंश तापमानाची आणि चुंबकांची. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो आमच्या धंद्यातला: आत एवढी आच लावल्यावर ती बाहेर काढणार कुठून? तेव्हापासून रोज रात्री जेवण झालं की वाचत बसतो. जेवढं कळलं तेवढं मांडतो, चुकलं तर हक्काने सांगा.

टोकामॅक म्हणजे मेदूवड्याच्या आकाराचं पात्र. आत चुंबकीय क्षेत्राने बांधून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त, विद्युतभारित वायू. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या दोन जड रूपांचं संमीलन, म्हणजे फ्यूजन, झालं की १७.६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा निघते. त्यातली १४.१ न्यूट्रॉनकडे जाते आणि ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे.

यंत्र लहान करता येतं ते चुंबकाच्या जोरावर. प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय दाब यांचं प्रमाण तेच ठेवलं, तर फ्यूजनची शक्ती चुंबकीय क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. क्षेत्र दुप्पट केलं की तेवढ्याच जागेत सोळापट शक्ती. फ्रान्समधल्या कादाराश इथं उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकची मोठी त्रिज्या (वड्याच्या भोकाच्या केंद्रापासून कड्याच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर आणि क्षेत्र ५.३ टेस्ला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्सला स्पार्क नावाचं यंत्र उभं राहतंय, त्याची त्रिज्या १.८५ मीटर आणि क्षेत्र १२.२ टेस्ला. हे शक्य झालं ते नव्या उच्च-तापमान अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) पट्ट्यांमुळे. सप्टेंबर २०२१ मध्ये स्पार्क बांधणाऱ्यांनी २० टेस्लाचा मोठा चुंबक चालवून दाखवला. कौतुक करावं तेवढं थोडंच आहे.

पण मी ज्या टेबलावर बसून हे लिहितोय, तिथे बॉयलर ट्यूबचा एक तुकडा पडलाय. अडीच इंची ट्यूब, वीतभर लांब, मधे माशाच्या तोंडासारखी उकललेली. २०१४ च्या पावसाळ्यात एका कारखान्यात (नाव नको) पाण्यातले क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरचं रिजनरेशन बरेच दिवस झालं नव्हतं. ट्यूबच्या आतून क्षारांचा कडक थर, म्हणजे स्केल धरलं. बाहेरून आच तेवढीच, पण धातूकडून पाण्याकडे जायची वाट अडली. ट्यूब फुगली, पातळ झाली आणि उकलली. शिफ्ट बदलायची वेळ होती म्हणून समोर कुणी नव्हतं. दोन्ही ओठांच्या कडा बोटाला लागतील इतक्या धारदार आहेत. भट्टी मोठी होती म्हणून ती ट्यूब गेली नाही, एका ठिकाणची आच निघून जाईना म्हणून गेली.

मला वाटतं, छोट्या फ्यूजन यंत्रांचं भवितव्य याच गोष्टीवर ठरणार आहे. चुंबकाने यंत्र जितकं आवळाल, तितकी उष्णता बाहेर पडायची फट अरुंद होत जाते. ही फट जिथे संपते, त्या भागाला डायव्हर्टर म्हणतात. त्याच्याबद्दल मराठीत कुणी बोलताना दिसलं नाही, म्हणून इथे सुरुवात करतोय.

---

कळवेकर

धागा आवडला. पण एक बाळबोध शंका. वीज करायची तर उष्णताच हवी ना? मग ती बाहेर येते ही अडचण कशी काय? आपल्याला तर तेच हवंय.

---

ट्यूबशीट

@कळवेकर, शंका अजिबात बाळबोध नाही, मलाही आधी तेच वाटलं होतं.

ऐंशी टक्के ऊर्जा न्यूट्रॉन घेऊन जातात. त्यांच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबकाला न जुमानता ते चहूबाजूंनी भिंतीत घुसतात आणि जाड थरात हळूहळू ऊर्जा सोडतात. त्यांची ऊर्जा पसरून मिळते, ती काढणं त्या मानाने सोपं. वीज मुख्यतः तिच्यावरच होणार.

उरलेली वीस टक्के हेलियमच्या केंद्रकांसोबत प्लाझ्मातच राहते आणि त्याला गरम ठेवते. ईटरमध्ये ५०० मेगावॅट फ्यूजन धरलं तर ही १०० मेगावॅट, शिवाय बाहेरून दिलेली ५०. काही भाग प्रकाश होऊन भिंतीवर पसरतो. बाकीची साधारण १०० मेगावॅट प्लाझ्माच्या कडेवरून एका बारीक पट्टीतून वाहत खाली डायव्हर्टरवर येते. भानगड या पट्टीची आहे.

---

तलावपाळी (ठाणे)

मी ठाण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. ट्यूबशीट, तुमची ती ट्यूब डोळ्यांसमोर उभी राहिली. पट्टी इतकी बारीक का, ते मी सांगते.

प्लाझ्माच्या आतल्या चुंबकरेषा स्वतःवरच मिटलेल्या पृष्ठांवर फिरत राहतात. अशा शेवटच्या मिटलेल्या पृष्ठाला सेपरेट्रिक्स म्हणतात. त्याच्या पलीकडच्या रेषा उघड्या असतात, त्या थेट डायव्हर्टरच्या पाट्यांवर जाऊन टेकतात. आतून निसटलेला कण या उघड्या रेषेवर आला की रेषेच्या दिशेने प्रचंड वेगाने धावतो. आडवं सरकणं मात्र फार सावकाश.

कोकणात तीव्र उताराचा पाट पाहिला असेल. पाणी इतक्या जोरात खाली धावतं की काठात झिरपायला त्याला वेळच मिळत नाही. इथे तसंच होतं. कण मिलिमीटरभर बाजूला सरकेपर्यंत पाटीवर पोचलेला असतो.

२०१३ मध्ये आइख आणि सहकाऱ्यांनी सहा टोकामॅकांची मोजमापं एकत्र मांडली. पट्टीची रुंदी पोलॉइडल क्षेत्राच्या, म्हणजे प्लाझ्माला आडव्या छेदात वेढणाऱ्या क्षेत्राच्या, जवळजवळ व्यस्त प्रमाणात निघाली. आणि यंत्राच्या आकारमानावर ती जवळपास अवलंबून नाही! त्याआधी २०१२ मध्ये रॉबर्ट गोल्डस्टन यांनी मांडलेल्या साध्या प्रतिमानातूनही जवळपास हेच उत्तर येत होतं.

आता वर्गात करून घेते तसा हिशोब. ईटरच्या प्लाझ्माची बाहेरची कड केंद्रापासून ८.२ मीटरवर, म्हणजे परीघ साधारण ५१ मीटर. पट्टीची अंदाजित रुंदी १ मिलिमीटर. क्षेत्रफळ झालं ०.०५ चौरस मीटर. ए-फोर कागद ०.०६ चौरस मीटरचा असतो. म्हणजे १०० मेगावॅट एका ए-फोर कागदापेक्षा कमी जागेतून वाहतायत.

स्पार्कला बाहेरची कड २.४ मीटरवर, परीघ १५ मीटर. क्षेत्र जास्त म्हणून पट्टीची रुंदी मिलिमीटरच्या काही दशांशांवर येते, दोन-तीन कागदांची जाडी म्हणा. तिच्यातून सुमारे ३० मेगावॅट जाणार. क्षेत्रफळ पोस्टकार्डाच्या निम्म्यापेक्षा कमी. शक्ती ईटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असताना दाटी मात्र तिप्पट.

हे आकडे मी पहिल्यांदा फळ्यावर मांडले तेव्हा दोनदा तपासून पाहिले होते.

---

रबाळेकर

मी रबाळ्याला डेटा सेंटरच्या कूलिंगमध्ये आहे. हा धागा माझ्या रोजच्या कामाचा निघाला.

तुलनेसाठी आमचे आकडे देतो. एच-१०० ही एआयसाठीची चिप ७०० वॅटची, सिलिकॉनचं क्षेत्रफळ ८१४ चौरस मिलिमीटर. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ८६ वॅट. घरातली हजार वॅटची इस्त्री चौरस सेंटिमीटरला साधारण ५ वॅट देते. म्हणजे आमची चिप सतरा इस्त्र्या एकावर एक ठेवल्यासारखी. हवेने हे अवघड जातं म्हणून आता बऱ्याच ठिकाणी चिपवर कोल्ड प्लेट बसवून पाणी फिरवतात.

डायव्हर्टरच्या पाटीवर किती येतं?

---

ट्यूबशीट

@रबाळेकर, ईटरच्या डायव्हर्टरचं डिझाइन चौरस मीटरला १० मेगावॅट सतत आणि थोड्या वेळासाठी २० असं आहे. १० मेगावॅट म्हणजे तुमच्या भाषेत चौरस सेंटिमीटरला १००० वॅट. चिपच्या बारापट, इस्त्रीच्या दोनशेपट. आमच्या बॉयलरच्या सर्वांत तापलेल्या भिंतीवर चौरस मीटरला दोन-तीनशे किलोवॅट आले तरी आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो.

आणि हे १० सुद्धा सगळे उपाय केल्यानंतरचे. तलावपाळी मॅडमनी सांगितलेली दाटी तशीच्या तशी आली तर कुठलाच धातू टिकणार नाही. म्हणून पाट्या तिरक्या ठेवतात. संध्याकाळचं ऊन अंगणात तिरपं पसरतं तशी उष्णता जास्त जागेवर पसरते. शिवाय पाटीजवळ चुंबकरेषाच फाकवतात, म्हणजे पट्टी रुंद होते.

पाटीची बनावट बघा, आमच्या धंद्यातल्या माणसाला बघतच राहावंसं वाटतं. टंगस्टनचे छोटे ठोकळे, प्रत्येकाच्या मधोमध भोक. भोकातून तांबं-क्रोमियम-झिर्कोनियमच्या मिश्रधातूची नळी आरपार जाते, माळेत मणी ओवावेत तशी. टंगस्टन आणि नळी यांच्यामध्ये मऊ तांब्याचा थर, कारण दोन्ही धातू वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि मधे काही लवचीक नसेल तर सांधा सुटतो. नळीच्या आत पिळलेली पट्टी घातलेली असते, त्यामुळे पाणी गिरक्या घेत जातं. ठोकळ्यांच्या माथ्याला अर्ध्या मिलिमीटरचा उतार देतात, म्हणजे शेजारच्यापेक्षा एखाद्याची कड वर राहून तिच्यावर सरळ मारा होऊ नये. अर्धा मिलिमीटर! अशा पाट्या बसवलेल्या ५४ कॅसेट, प्रत्येकी साधारण दहा टनांची, पात्राच्या तळाशी गोलाकार बसणार.

---

रबाळेकर

पिळलेली पट्टी कशासाठी ते लगेच कळलं. वाफेची चादर तोडायला.

---

ट्यूबशीट

बरोबर. इतरांसाठी सांगतो. घावन घालायच्या आधी आपण तव्यावर पाणी शिंपडतो. तवा बेताचा तापला असेल तर पाणी चर्र करून उडून जातं. फार तापला असेल तर थेंब नाचत राहतात, लवकर आटत नाहीत. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तव्याची उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

नळीत हे झालं की संपलं. एका मर्यादेपर्यंत उकळतं पाणी उष्णता उत्तम ओढतं. ती मर्यादा ओलांडली की भिंतीला वाफेची चादर लागते, धातूचं तापमान क्षणात शेकडो अंश चढतं आणि नळी जळते. याला बर्नआउट म्हणतात. गिरक्या घेणारं पाणी वजनाने भिंतीकडे फेकलं जातं, वाफ मधे ढकलली जाते. त्यामुळे ती मर्यादा वर सरकते.

---

निळी_शाई (ऐरोली)

नमस्कार, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ट्यूबशीट काका, तुम्ही पाटीपर्यंत आलात, पण मला त्याच्या आधीची पायरी सर्वांत सुंदर वाटते. ती म्हणजे डिटॅचमेंट.

डायव्हर्टरजवळ मुद्दाम थोडा नायट्रोजन, निऑन किंवा आर्गॉन सोडतात. गरम प्लाझ्मा त्याच्या अणूंना धडकतो, ते अणू प्रकाश फेकतात आणि उष्णता पाटीवर पोचण्याआधीच दाही दिशांना विखुरते. प्लाझ्मा थंड होत होत पाटीजवळ काही इलेक्ट्रॉनव्होल्टवर येतो (एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११,६०० अंश, पण इथे तेच थंड!). अजून थंड झाला की आयन आणि इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाऊन साधा वायू बनतो. पाटीपुढे वायूची गादी तयार होते आणि प्लाझ्माची ज्योत तिच्यावरच थांबते. म्हणून नाव डिटॅचमेंट, ज्योत पाटीपासून सुटलेली.

काकांच्या तव्यावर गादी शत्रू होती, इथे गादी मित्र आहे. वाचताना मला फार आनंद झाला होता.

इंग्लंडमध्ये कलहमला मास्ट अपग्रेड नावाचं गोलसर टोकामॅक आहे. त्यात सुपर-एक्स प्रकारचा डायव्हर्टर बसवलाय. ज्योतीची वाट लांबवून ती बाहेरच्या मोठ्या त्रिज्येवर नेतात, त्यामुळे थंड व्हायला वेळ मिळतो आणि पसरायला जागा. मे २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पाट्यांवरची उष्णता किमान दहापट कमी झाली.

---

भरतीओहोटी (सीवूड्स)

मी स्थापत्य अभियंता, पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचं काम केलंय. निळी_शाईचं वाचून मला आपले धारणतलाव आठवले.

नवी मुंबईत वाशी, सानपाडा, नेरुळ, बेलापूर इथली बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली तर पाणी खाडीत जाणार कसं? म्हणून सिडकोने नोड आखतानाच डच पद्धतीचे धारणतलाव ठेवले. नाले थेट खाडीत न सोडता आधी तलावात. तलावाच्या तोंडाशी फ्लॅप गेट. भरती चढली की ते आपोआप बंद होतं, ओहोटी लागली की उघडतं.

प्लाझ्माचा लोंढा थेट पाटीवर न सोडता मधे वायूचं तळं ठेवायचं. बरोबर समजलो का?

---

तलावपाळी

उपमा छान आहे, पण एका जागी तुटते. धारणतलाव पाणी साठवतो. वायूची गादी काहीच साठवत नाही. जेवढी उष्णता येते तेवढी त्याच क्षणी प्रकाश म्हणून वाटून टाकते. वाटप थांबलं तर मागे धरून ठेवणारं काही नाही.

तुमचं फ्लॅप गेट मात्र अगदी चपखल बसतं. वायू कमी पडला तर ज्योत पुन्हा पाटीला चिकटते. जास्त झाला तर थंड भाग वर सरकत सरकत एक्स-बिंदूपर्यंत, म्हणजे सेपरेट्रिक्सच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथपर्यंत जातो. आणखी पुढे गेला तर मुख्य प्लाझ्माच विझू शकतो. त्यामुळे सोडायच्या वायूचं माप सतत सांभाळावं लागतं. जर्मनीत गार्किंगच्या अ‍ॅस्डेक्स अपग्रेडवर हा तेजस्वी भाग एक्स-बिंदूच्या थोडा आत स्थिर धरून दाखवलाय.

छोट्या यंत्रात हे जास्त अवघड, कारण सगळीच अंतरं लहान. ज्योतीला वर सरकायला फार वाट नसते आणि चूक सुधारायला वेळही मिळत नाही.

---

भरतीओहोटी

धन्यवाद मॅडम. तलावात गाळ भरला की निचरा बिघडतो, तसा इथेही काही गाळ साठतो का?

---

निळी_शाई

साठतो! हेलियम. संमीलनाची राख. तो आत राहिला तर इंधन पातळ होतं आणि आग मंदावते. त्यामुळे डायव्हर्टरला उष्णतेबरोबर ही राखही ओढून काढावी लागते.

ईटरच्या क्रायोपंपांत अतिथंड पाट्यांवर कोळशाचा थर दिलेला असतो, हेलियम त्यात अडकून बसतो. तो कोळसा नारळाच्या करवंटीचा आहे!

---

माडाची_वाडी (डोंबिवली, मूळ देवगड)

आतापर्यंत नुसतीच वाचत होते, पण करवंटी आली म्हटल्यावर लिहावंच लागलं. आमच्याकडे आजी करवंटीच्या विस्तवावर मासे भाजायची. लाकडापेक्षा करवंटीचा निखारा जास्त वेळ धरतो म्हणायची. त्याच्यात इतकी बारीक भोकं असतात हे आता कळलं. लेकाला वाचून दाखवलं.

---

कळवेकर

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. तरी मनातलं विचारतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दोन-दोन तास वीज जाते. हे सगळं आपल्या हयातीत होईल का? भारताने यात पैसा घालावा का?

---

वाशीचा_पूल

मी निवृत्त आहे, नोकरीतली बरीच वर्षं ट्रॉम्बेला गेली. वाशीच्या खाडीपुलावरून जाताना तिथला डोंगर दिसला की अजून मान वळते.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हाला अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर परिषद झाली. अध्यक्ष होते होमी भाभा. संमीलनाची ऊर्जा ताब्यात ठेवून मिळवण्याची रीत दोन दशकांत सापडेल, असं त्यांनी भाषणात सांगितलं होतं. ती वीस वर्षं कधीच उलटली. आम्ही तरुण होतो तेव्हा याची फार चर्चा व्हायची.

आता मागे वळून पाहिलं तर मला वेगळंच दिसतं. डायव्हर्टरची कल्पना तेव्हाही होती. लायमन स्पित्झर यांनी ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्टेलरेटर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या चुंबकीय फ्यूजन यंत्रासाठी मांडली होती. पण तेव्हाचे प्लाझ्मा इतके क्षीण आणि क्षणिक होते की तिची खरी कसोटी लागण्याची वेळच आली नाही. १९८२ मध्ये गार्किंगच्या अ‍ॅस्डेक्सवर, डायव्हर्टर असलेल्या यंत्रावर, फ्रिट्झ वाग्नर यांना एच-मोड सापडला. प्लाझ्मातली उष्णता आत धरून ठेवण्याची क्षमता अचानक दुपटीच्या आसपास सुधारली. कडेची नीट व्यवस्था लावली आणि आतलं सुधारलं. ही बातमी वाचल्यावर मी कितीतरी दिवस त्याच विचारात होतो.

कळवेकर, वर्ष मी सांगणार नाही. भाभांसारख्या माणसाचा अंदाज हुकला तिथे मी कोण? पण आपण यात नवखे नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य हा टोकामॅक १९८९ पासून, एसएसटी-१ या दुसऱ्या टोकामॅकमध्ये पहिला प्लाझ्मा २०१३ मध्ये. ईटरचं जवळपास तीस मीटर उंच आणि तेवढंच रुंद क्रायोस्टॅट, म्हणजे सगळ्या यंत्राला वेढणारं बाहेरचं पात्र, सुरतेजवळ हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोने बनवलं. पोलादाचे तुकडे जहाजाने फ्रान्सला गेले. हे आपल्या वेल्डरांचं काम आहे.

---

रबाळेकर

त्याच संस्थेत इलेक्ट्रॉनांचा झोत मारून टंगस्टनचे ठोकळे तपासायची सोयही आहे. कळवेकरदादा, माझं साधं मत सांगतो. चौरस सेंटिमीटरला हजार वॅट काढायला शिकलेली माणसं उद्या आमच्या चिपसाठी, रेल्वेच्या पॉवर इलेक्ट्रॉनिक्ससाठी, सगळीकडे लागणार आहेत. हा पैसा वाया जाणारा नाही.

---

कळवेकर

पटतंय, पण पूर्ण नाही. मे महिन्यात परत विचारीन.

---

निळी_शाई

काका, एक राहिलं. स्पार्कच्या पाट्यांत पाणीच फिरत नाही असं वाचलं. मग ते कसं चालतं?

---

ट्यूबशीट

बरोबर वाचलंस. त्याचा मुख्य झोत, म्हणजे प्लाझ्मा एका वेळी पेटता राहण्याचा काळ, दहा सेकंदांचा. तेवढ्या वेळात टंगस्टन आपल्या अंगावर उष्णता घेतं आणि दोन झोतांच्या मध्ये सावकाश थंड होतं. शिवाय ज्योतीचं टोक पाटीवर मागेपुढे फिरवत ठेवायचं ठरवलंय. पोळी तव्यावर एका जागी ठेवली तर करपते, फिरवत राहिलं तर सगळीकडे सारखी भाजते.

प्रयोगासाठी हे अगदी योग्य. पण वीजकेंद्र दहा सेकंद चालून थांबणार नाही, महिनोन्‌महिने चालणार. तिथे वाहतं काहीतरी लागेलच, आणि न्यूट्रॉनच्या माऱ्याने तांब्याच्या मिश्रधातूची ताकद आणि उष्णतावहन दोन्ही खालावतात. म्हणून कुणी हेलियम वायूने थंड करायचं म्हणतं, कुणी पाटीवर वितळलेलं लिथियम किंवा कथील वाहतं ठेवायचं म्हणतं. द्रव पृष्ठभागाला तडा जात नाही, झीज आपोआप भरून निघते. लिथियम १८० अंशांना वितळतं, पण ट्रिटियम धरून ठेवतं आणि पाण्याशी त्याचं वाकडं. जिथे जवळ पाण्याची नळी आहे तिथे मी तरी ते ठेवणार नाही.

लांब वेळेचा अनुभव मात्र जमतोय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कादाराशच्याच वेस्ट टोकामॅकने टंगस्टनच्या डायव्हर्टरवर १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटं प्लाझ्मा टिकवला. तापवायची शक्ती २ मेगावॅटच होती, पण पाणी फिरत होतं, पाट्या शाबूत राहिल्या. मला तर ही बातमी दहा कोटी अंशांच्या बातमीपेक्षा मोठी वाटते.

---

तलावपाळी

ईएलएमचा उल्लेख राहिला. एच-मोडमध्ये कडेवरचा दाब वाढत जातो आणि मधूनच फुटतो. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात उष्णतेचा लोट पाट्यांवर आदळतो. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, तरी मोठ्या यंत्रात अशा लोटांनी वरचा थर वितळू शकतो. आणि टंगस्टनचे अणू मुख्य प्लाझ्मात शिरले की तिथे इतका प्रकाश फेकतात की आतली आग थंडावते. लाखात काही अणू एवढंच प्रमाण चालतं. म्हणून बाहेरच्या खास चुंबकीय वेटोळ्यांनी कड थोडी विस्कटून हे फुटणं आधीच टाळायचा प्रयत्न असतो.

भरतीओहोटी, ढगफुटी आणि भरती एकाच वेळी आल्यासारखं आहे हे.

---

निळी_शाई

काका, तुमच्या त्या ट्यूबच्या तुकड्यावरचं स्केल किती जाड आहे? मोजून सांगाल? मला एक गणित करायचंय.

---

ट्यूबशीट

आत्ता व्हर्निअर लावून बघितलं. उकललेल्या जागेपासून चार बोटं लांब, जिथे थर शाबूत आहे तिथे दीड मिलिमीटर. पांढुरकं, राखाडी. नखाने निघत नाही.

---

निळी_शाई

झालं गणित. चौरस मीटरला १० मेगावॅट धरले.

टंगस्टन ६ मिलिमीटर: दोन बाजूंत फरक साधारण ५२० अंश. तांब्याच्या मिश्रधातूची नळी दीड मिलिमीटर: ४७ अंश. इथपर्यंत झेपतं.

आता नळीत तुमच्यासारखं दीड मिलिमीटर स्केल बसलं असं समजा. स्केलची उष्णतावाहकता १.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली तर फरक येतो १०,००० अंश. म्हणजे त्याच्या खूप आधीच नळी वितळलेली असेल. पाव मिलिमीटर धरलं तरी १,६०० पेक्षा जास्त. केसाएवढा, ०.०५ मिलिमीटरचा थरही ३०० अंश चढवतो.

तुमच्या बॉयलरला दीड मिलिमीटर व्हायला वेळ मिळाला. डायव्हर्टरला केसाएवढाही मिळणार नाही.

---

ट्यूबशीट

हे वाचून उठून त्या तुकड्यावरून परत एकदा बोट फिरवलं. बरोबर आहे तुझं. म्हणजे डायव्हर्टरच्या पाण्याचं रसायन बघणारा माणूस प्लाझ्मा बघणाऱ्याइतकाच मोलाचा. आमच्या पट्ट्यात पाण्याचं केमिस्ट्री बघणारी दोन-तीन माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांना हा धागा पाठवतो.

तुकडा हवा असेल तर घेऊन जा. येत्या रविवारी अकरा वाजता घणसोली स्टेशनबाहेर, पूर्वेला. कडा धारदार आहेत, जाड फडकं घेऊन ये.

---

निळी_शाई

येते काका. फडकं आणते, आणि आमच्या लॅबमधला मायक्रोमीटरपण.